शांततेचं बक्षीस आणि बाजू असलेला माणूस

१९४७ सालच्या आरंभी हिंदुस्थानातून नॉर्वेला तारा गेल्या. मजकूर तारेच्या भाषेतला, मोजूनमापून लिहिलेला. मागणी एकच: यंदाचा नोबेल शांतता पुरस्कार महात्मा गांधींना द्यावा. पाठवणारे तिघे होते. संयुक्त प्रांताचे गोविंद वल्लभ पंत, मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर आणि मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर. प्रांताच्या प्रमुखालाही तेव्हा पंतप्रधानच म्हणत. खेर रत्नागिरीचे. मावळंकरांची सारी हयात अहमदाबादेत गेली, पण घराणं कोकणातल्या मावळंग्याचं. पुढे ते पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. पंतांचे पूर्वजही महाराष्ट्रातून कुमाऊंत गेले, असं त्यांच्या घराण्यात सांगितलं जातं. ते बाजूला ठेवलं तरी तीनपैकी दोन शिफारशी मराठी माणसांच्या होत्या, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

हे मी लिहितोय वाशीहून. नवी मुंबईतल्या नव्हे, धाराशिव जिल्ह्यातल्या. हे प्रत्येक वेळी सांगावंच लागतं. खेरांच्या त्या तारेशी वाशीचा कायद्यानं काही संबंध नव्हता. खेरांचं राज्य बार्शीपाशी संपत होतं. बार्शी ब्रिटिश मुलखात आणि त्याच्या अलीकडचे भूम, कळंब, वाशी निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. १५ ऑगस्टला बार्शीत झेंडा लागला, तेव्हा इथे तो लावणं गुन्हा होता. याकडे मी पुढे येणार आहे, कारण शांतता या विषयावर आमच्या जिल्ह्याला बोलण्याचा अधिकार थोडा जास्त आहे असं मला वाटतं.

२०२५ मध्ये हा विषय एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत आला. मे महिन्यात भारत-पाकिस्तान यांच्यात चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले, १० मे रोजी गोळीबार थांबला आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी तो आपणच थांबवला असं सांगायला सुरुवात केली. भारताचं म्हणणं सरळ होतं: बोलणं दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांत झालं, मध्यस्थ कुणी नव्हता. जूनमध्ये पाकिस्तान सरकारनं ट्रम्प यांची नोबेलसाठी शिफारस करत असल्याचं जाहीर केलं. जुलैत इस्रायलच्या नेतान्याहूंनी शिफारशीचं पत्र त्यांच्या हातातच ठेवलं. मग वाद पेटला. एक म्हणे, युद्ध थांबवलं ना, मग द्या की. दुसरा म्हणे, पुढाऱ्याला कसला शांततेचा पुरस्कार, निवडणूक आली की शांतता विसरतात. दोघांचंही म्हणणं अर्धंअर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला या पुरस्काराचं यंत्र कसं चालतं ते आधी पाहावं लागतं.

आल्फ्रेड नोबेलनं मृत्युपत्रावर सही केली २७ नोव्हेंबर १८९५ रोजी. (गंमत म्हणजे आपल्या मावळंकरांचा तो सातवा वाढदिवस.) डायनामाइटच्या पैशातून शांततेचं बक्षीस, याचं जगाला नवल वाटतं. आमच्या तालुक्यातल्या तेरखेड्याला वाटणार नाही. तिथे फटाक्यांच्या दारूकामावर घरं चालतात आणि दारूला हात लावणाऱ्या माणसाला तिची भीती सगळ्यात आधी कळते. नोबेलचा धाकटा भाऊ एमिल १८६४ मध्ये स्टॉकहोममधल्या त्यांच्याच कारखान्यात स्फोटात गेला होता. तर मृत्युपत्रात शांततेच्या बक्षिसासाठी तीन कामं लिहिली आहेत: राष्ट्रांमध्ये बंधुभाव वाढवणं, खडी सैन्यं रद्द किंवा कमी करणं आणि शांतता परिषदा भरवणं. शिवाय हे काम सरत्या वर्षात केलेलं असावं. माणूस सज्जन असावा, अहिंसक असावा, संत असावा, असं कुठेही लिहिलेलं नाही.

इतर नोबेल स्वीडनमध्ये ठरतात, हे एकच नॉर्वेत. नॉर्वेची संसद पाच जणांची समिती नेमते. शिफारशी ३१ जानेवारीपर्यंत स्वीकारल्या जातात, निर्णय ऑक्टोबरमध्ये जाहीर होतो आणि १० डिसेंबरला, नोबेलच्या पुण्यतिथीला, ओस्लोत पदक दिलं जातं. आता शिफारस कोण करू शकतो ते बघा. कुठल्याही देशाचा खासदार किंवा मंत्री, विद्यापीठातला इतिहासाचा, कायद्याचा, तत्त्वज्ञानाचा, समाजशास्त्राचा प्राध्यापक, पूर्वीचे विजेते, अशी यादी बरीच लांब आहे. भारतातल्या लोकसभेतला कुणीही खासदार उद्या आपल्या मतदारसंघातल्या कुणाचंही नाव पाठवू शकतो. २०१६ मध्ये ३७६ नावं आली होती, २०२५ मध्ये ३३८. अर्ज भरणं आणि निवडून येणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे आहे. मुसोलिनीचं नाव गेलेलं आहे, स्टालिनचं दोनदा. १९३९ मध्ये हिटलरचंही गेलं होतं. एका स्वीडिश खासदारानं ते उपरोधानं पाठवलं होतं आणि लोकांना उपरोध न कळल्यानं त्याला ते मागे घ्यावं लागलं.

म्हणून 'नोबेलसाठी नामांकन' ही बातमी वाचली की मी पान उलटतो. अधिकृत याद्या समिती पन्नास वर्षं उघडत नाही. बाहेर येतं ते शिफारस करणाऱ्यानंच वाजवलेलं. मार्च २०२३ मध्ये समितीचे उपाध्यक्ष आस्ले तोये भारतात आले होते. त्यांनी मोदींना या पुरस्काराचे सगळ्यात मोठे दावेदार म्हटलं, असं सगळीकडे फिरलं. आपण असं काही बोललोच नव्हतो, ही खोटी बातमी आहे, असं तोये यांनी स्वतः सांगितलं. खुलासा आमच्या गावातल्या ग्रुपवर मात्र अजून पोचलेला नाही.

आता गांधींच्या फायलीकडे. ती उघडलेली आहे, आणि राजकारणी माणसाला हा पुरस्कार द्यावा की नाही हा वाद तिच्याइतका स्वच्छ दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही.

गांधींचं नाव पहिल्यांदा १९३७ मध्ये गेलं, ते नॉर्वेचेच मजूर पक्षाचे खासदार ओले कोल्बयोर्नसेन यांच्याकडून. समितीनं प्राध्यापक याकोब वॉर्म-म्युलर यांना अहवाल लिहायला सांगितला. गांधी थोर, निर्मळ, वैराग्यशील हे त्यांनी मान्य केलं. पण पुढे तक्रार अशी की, या माणसाची धोरणं अचानक वळणं घेतात. कधी तो ख्रिस्तासारखा वाटतो, तर कधी एकदम चारचौघांसारखा राजकारणी. त्यांचं आंदोलन हिंसेकडे झुकू शकतं याचा दाखला म्हणून चौरीचौरा दिलं होतं. आणि दक्षिण आफ्रिकेतला लढा फक्त हिंदी लोकांसाठीच होता, तिथल्या काळ्यांसाठी नाही, असाही आक्षेप होता. हा शेवटचा आक्षेप बिनबुडाचा नाही, हे आज गांधींच्या भक्तांनाही मान्य करावं लागेल. चौरीचौऱ्याचा मात्र त्यांनी उलटा अर्थ लावला. फेब्रुवारी १९२२ मध्ये जमावानं पोलीस ठाणं जाळलं, पोलीस मेले आणि गांधींनी ऐन भरातलं देशभरचं आंदोलन थांबवलं. काँग्रेसचे तुरुंगातले नेते चिडले, तरुण पोरं निराश झाली. स्वतःच्याच लोकांना नाराज करून माणूस थांबला. शांततेच्या बाजूनं याहून मोठा पुरावा कोणता हवा होता?

१९३८ आणि १९३९ मध्येही नाव गेलं. मग महायुद्ध. मग १९४७ च्या त्या तारा.

या वेळी समितीच्या छोट्या यादीत सहाच नावं होती. इतिहासकार येन्स आरुप सैप यांचा अहवाल गांधींबद्दल आदरानं लिहिलेला होता, तरी 'द्या' असं त्यात स्पष्ट नव्हतं. समितीचे अध्यक्ष गुन्नार यान यांनी डायरी ठेवली होती, म्हणून आतली चर्चा आपल्याला कळते. पाचपैकी दोघे गांधींच्या बाजूचे, हर्मन स्मिट इंगेब्रेट्सेन आणि क्रिस्तियान ऑफ्टेडाल. उरलेले तिघे कचरत होते. फाळणीचं रक्त वाहत होतं. अशा वेळी एका बाजूच्या माणसाला बक्षीस दिलं तर काय होईल? त्यात २७ सप्टेंबरला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये गांधींच्या दिल्लीतल्या प्रार्थनासभेची बातमी आली. न्याय मिळवायचा दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही आणि पाकिस्ताननं सिद्ध झालेली चूक मान्यच केली नाही, तर हिंदी सरकारला त्याच्याशी लढावं लागेल, असं ते बोलले होते. स्वतःचा युद्धाला विरोध कायम आहे आणि सैन्य-नौदल बाळगणाऱ्या नव्या व्यवस्थेत आपल्याला जागा नाही, हेही ते बोलले होते. पण बातमीत वजन पडलं ते 'युद्ध' या शब्दाचं. बातमी अपुरी आहे हे यान यांना कळत होतं. तरी त्यांचा सूर असा राहिला की, नावांमध्ये सगळ्यात मोठा माणूस हाच, पण तो केवळ शांततेचा प्रेषित नाही, तो आधी देशभक्त आहे. १९४७ चं बक्षीस क्वेकरांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन संस्थांना गेलं. त्यांचं मदतकार्य खरोखर मोठं होतं, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो 'आधी देशभक्त' या आक्षेपाशी. इथे मला ओस्लोपेक्षा आमच्या तालुक्यातली तंटामुक्तीची बैठक जास्त उपयोगी पडते. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावानं जुने तंटे मिटवायचे, नवे होऊ द्यायचे नाहीत, त्यावर गुण आणि लोकसंख्येच्या मानानं बक्षीस. म्हणजे गांधींना न मिळालेला शांतता पुरस्कार गांधींच्या नावानं गावांना मिळू लागला. त्या काळात एका गावची बैठक मी बसून पाहिली आहे. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकलेली. चुलतभावांत बांधाचा तंटा. एकानं दरसाल नांगरताना बांध कोरत आणला, असं दुसऱ्याचं म्हणणं; मोजणी झालेली, खुणेचा दगड कुणीतरी हलवलेला, दोनदा ठाण्यात जाऊन आलेले. पंच दोन तास समजावत होते. शेवटी धाकटा उठला आणि म्हणाला, "जाऊ द्या. बाभळीपर्यंतचं त्याचं. पण आता दरवर्षी सरकायचं नाही." मागे बसलेला त्याचा थोरला मुलगा तिथेच ताडकन उठून निघून गेला. बायको घरी काय बोलली असेल ते सांगायला नको. पुढे गाव तंटामुक्त झालं, तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांचा हार घातलेला फोटो पेपरात आला. धाकट्याचं नाव कुठेच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: तंटा मिटवतो तो ज्याची बाजू आहे तो माणूस. ज्याला बांधच नाही तो दोन हात जमीन सोडणार कुठून? संत आशीर्वाद देतील, मध्यस्थ चहा मागवतील. पण सोडायचं असतं ते भांडणातल्यालाच. आणि सोडलं की पहिला राग येतो तो घरच्यांना. तेव्हा गांधी देशभक्त आहेत ही त्यांची अडचण नव्हती, ती त्यांची पात्रता होती. पुढाऱ्याला शांततेचा पुरस्कार द्यावा का, या प्रश्नाला मी हीच फूटपट्टी लावतो: शांततेसाठी त्यानं स्वतःच्या माणसांचा राग ओढवून घेतला का?

लावून बघा. जर्मनीचे विली ब्रांट डिसेंबर १९७० मध्ये वॉर्सात ज्यूंच्या स्मारकासमोर गुडघे टेकून बसले. घरी निम्म्याच्या आसपास जर्मनांना ते अति वाटलं. १९७१ चं नोबेल त्यांना मिळालं, योग्यच. इजिप्तचे सादात १९७७ मध्ये थेट जेरुसलेमला गेले, पुढच्या वर्षी कॅम्प डेव्हिडचा करार केला. अरब जगानं इजिप्तला वाळीत टाकलं, १९८१ मध्ये त्यांच्याच सैन्यातल्या माणसांनी त्यांना मारलं. समोरच्या, इस्रायलच्या बेगिननी सिनाई परत दिलं, तिथल्या आपल्याच वसाहती आपल्याच सैनिकांकरवी रिकाम्या केल्या. दोघंही आयुष्यभर अहिंसक होते असं कुणी म्हणणार नाही; बेगिनचा भूतकाळ तर बॉम्बस्फोटांचा होता. पण तो करार अजून टिकून आहे. इस्रायलचेच राबिन यांना १९९५ मध्ये त्यांच्याच धर्माच्या माथेफिरूनं गोळ्या घातल्या.

सगळ्यात बोलका दाखला कोलंबियाचा आहे. हुआन मॅन्युएल सांतोस हे आधीचे संरक्षणमंत्री, फार्क बंडखोरांना जेरीस आणणारे. अध्यक्ष झाल्यावर त्यांनीच त्यांच्याशी बोलणी सुरू केली, चार वर्षं हवानात घासाघीस चालली. सप्टेंबर २०१६ मध्ये करार झाला, २ ऑक्टोबरला त्यावर सार्वमत घेतलं आणि लोकांनी तो निसटत्या मतांनी फेटाळला. पुढारी उघडा पडला. पाच दिवसांनी नोबेल जाहीर झालं, त्यांच्याच नावानं. त्या बळावर त्यांनी करार दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा मंजूर करून घेतला. समितीनं इथे जे केलं, ते काम झाल्यावर घातलेला हार नव्हता. अडलेल्या गाड्याला त्यांनी खांदा दिला.

उलटी उदाहरणंही आहेत, ती लपवायचं कारण नाही. अमेरिकेचे किसिंजर यांना १९७३ मध्ये व्हिएतनामच्या करारासाठी मिळालं, सोबत उत्तर व्हिएतनामचे ले डक थो. ले यांनी नाकारलं. शांतता अजून आलेलीच नाही, असं त्यांनी सांगितलं. समितीतल्या दोघांनी राजीनामे दिले. १९७५ मध्ये सायगाव पडलं, तेव्हा किसिंजरनी बक्षीस परत करू पाहिलं. समितीनं घेतलं नाही. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात आलेलं अमेरिकेचं आरमार आठवणाऱ्या आपल्या पिढीला या नावाचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. बराक ओबामांनी २० जानेवारी २००९ रोजी शपथ घेतली आणि शिफारशीची तेव्हाची मुदत १ फेब्रुवारीला संपली. ऑक्टोबरमध्ये त्यांनाच पुरस्कार. बारा दिवसांत कुणाचा राग ओढवणार? इथिओपियाचे अबी अहमद यांना २०१९ मध्ये एरिट्रियाशी समेटासाठी मिळालं, नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्याच देशात तिग्रेचं युद्ध सुरू झालं. एकदा दिलेलं हे बक्षीस काढून घेता येत नाही, म्हणून घाई इथे परवडत नाही.

आपल्याकडे मला या फूटपट्टीवर बसणारी दुसरी गोष्ट ताश्कंदची वाटते. १९६५ चं युद्ध जिंकल्याच्या भावनेत देश होता. लालबहादूर शास्त्री जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला गेले; बरोबर परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन मध्ये बसले. १० जानेवारीला करार झाला आणि आपल्या जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीरची खिंड परत द्यायचं ठरलं. देशात संताप होणार हे शास्त्रींना आणि चव्हाणांनाही पुरतं कळत होतं. मंत्रिमंडळातले महावीर त्यागी यांनी या करारावरून राजीनामाच दिला. शास्त्री त्याच रात्री ताश्कंदमध्ये गेले. १९६६ चं शांततेचं नोबेल कुणालाही दिलं गेलं नाही. १९६७ चंही नाही.

मात्र रिकामं राहिलेलं जे वर्ष सगळ्यांच्या लक्षात आहे ते १९४८. सप्टेंबर १९४७ मध्ये कलकत्त्यात गांधींनी उपास मांडला आणि तीन दिवसांत तलवारी-बंदुका त्यांच्यापुढे आणून ठेवल्या गेल्या. ज्या शरद ऋतूत ओस्लोत 'हा देशभक्त की प्रेषित' असा काथ्याकूट चालला होता, त्याच्या तोंडावरची ही घटना. १३ जानेवारी १९४८ ला दिल्लीत पुन्हा उपास. पाकिस्तानचे अडवलेले पंचावन्न कोटी सरकारनं त्या दिवसांत मोकळे केले. आपल्याच लोकांचा राग म्हणतो तो याहून टोकाला जात नाही. ३० जानेवारीला गोळ्या झाडणारा पुण्याहून आलेला मराठी माणूस होता. शिफारशीची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस उरले होते. आदल्या वर्षी ज्यांच्या तारा गेल्या, त्यांच्यात दोन मराठी नावं होती, आणि या वर्षी ही एक. आपल्याला यातलं एक ठेवून दुसरं टाकता येत नाही.

समितीकडे १९४८ मध्ये गांधींसाठी सहा पत्रं आली; त्यात आदल्या वर्षीच्या विजेत्या क्वेकरांचंही होतं. मृत्यूनंतर बक्षीस द्यायला तेव्हाच्या नियमांत फट होती. पण द्यायचं कुणाला? गांधींनी संस्था मागे ठेवली नव्हती, मालमत्ता नव्हती, मृत्युपत्र नव्हतं. स्वीडनमधल्या संस्थांना विचारलं, त्यांचं मत प्रतिकूल आलं. १८ नोव्हेंबरला समितीनं जाहीर केलं की योग्य असा हयात उमेदवार नाही, म्हणून यंदा पुरस्कार नाही. 'हयात' हा शब्द त्यांनी उगाच घातला नव्हता. पुढे १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस हॅमरशोल्ड यांना मरणोत्तर दिलं, १९८९ मध्ये दलाई लामांना देताना हा अंशतः गांधींच्या स्मृतीचा गौरव आहे असं म्हटलं, आणि २००६ मध्ये समितीचे सचिव गाइर लुंडेस्टाड यांनी गांधींना वगळणं ही आपल्या इतिहासातली सगळ्यात मोठी उणीव असल्याची कबुली दिली.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. समितीचा तो निर्णय होण्याच्या दोन महिने आधी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, सोलापूरहून निघालेलं भारतीय सैन्य नळदुर्गात शिरलं. १७ तारखेला निजाम शरण आला. रझाकारांच्या दहशतीतून हा मुलूख सुटला तो फौजेमुळे, उपासामुळे नव्हे. हे इथे कुणालाही विचारा. म्हणूनच सैन्य पाठवणारा माणूस शांततेचा शत्रू, असलं सोपं गणित आम्हाला पटत नाही. पण गोष्ट तिथे थांबत नाही. त्यानंतरच्या दिवसांत गावोगाव मुसलमानांवर सूड उगवला गेला. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळानं सगळ्यात जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले त्यांत उस्मानाबाद होता. तो अहवाल कित्येक वर्षं दडपून ठेवला गेला. आमच्याकडे मुक्तिदिनाच्या भाषणात तो आजही कुणी काढत नाही. कलकत्त्यात ज्यानं एकट्यानं हे थांबवलं होतं, तो आठ महिन्यांपूर्वी मारला गेला होता. आपल्याच विजयी लोकांच्या पुढे जाऊन 'पुरे' म्हणणारा तेवढ्या वजनाचा दुसरा माणूस तेव्हा नव्हता. शांततेच्या पुरस्काराला पात्र काम कोणतं, हे मला ओस्लोच्या फायलीपेक्षा या रिकाम्या जागेत जास्त नीट दिसतं.

मॅगसेसे पुरस्कारानं हा सगळा घोळच टाळलेला आहे; चालू राजकारणातल्या माणसाकडे तो सहसा जात नाही. आमच्या शेजारच्या जामखेडच्या आरोळे दांपत्याला तो १९७९ मध्ये मिळाला, बाबा आमट्यांना १९८५ मध्ये. केरळच्या माजी आरोग्यमंत्री शैलजा यांचं नाव २०२२ मध्ये पुढे आलं, तर त्यांनी आणि त्यांच्या पक्षानंच तो नाकारला. हा मार्ग सुरक्षित आहे. पण डॉक्टरनं कितीही गावं निरोगी केली तरी सीमेवरचा गोळीबार त्याच्या सहीनं थांबत नाही. तो थांबवायची सही पुढाऱ्याकडेच असते, म्हणून पुढाऱ्यांना या पुरस्कारातून बाद करणं मला मान्य नाही.

राहता राहिले ट्रम्प. २०२५ पुरतं उत्तर दिनदर्शिकेतच होतं: मुदत ३१ जानेवारीला संपली, पाकिस्तानची घोषणा जूनची आणि नेतान्याहूंचं पत्र जुलैचं. १० ऑक्टोबरला पुरस्कार व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचादो यांना जाहीर झाला. पुढच्या वर्षांचं म्हणाल तर मध्यस्थालाही हे बक्षीस मिळू शकतं. रशिया-जपान युद्ध मिटवल्याबद्दल १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्टना मिळालंच होतं. पण मध्यस्थाला मी भांडणातल्या माणसापेक्षा कडक गुण देईन, कारण त्याच्या बांधाची काडीही हललेली नसते. दोन्ही पक्षांनी तो मध्यस्थ होता हे मान्य केलं का, आणि थांबलेला गोळीबार काही वर्षं थांबलेलाच राहिला का, एवढं तरी पाहावंच लागेल. मे २०२५ च्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाला भारताचं उत्तर 'नाही' असं आहे. तेव्हा माझंही नाही.

दर ऑक्टोबरला कुणा ना कुणा साहेबांचं नाव नोबेलला गेल्याचं तुमच्या मोबाईलवर येईल. पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा की शांततेसाठी साहेबांवर त्यांचेच कार्यकर्ते कधी चिडले होते का. आणि नाव खरंच गेलं होतं का, हे बघायचं असेल तर घाई करू नका: २०२५ ची यादी पन्नास वर्षं बंद राहणार आहे.